आयेल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये ‘आवडतं दृश्य’ आलं तर

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगमध्ये, म्हणजे बोलण्याच्या चाचणीत, निसर्गदृश्याचा विषय निघाला की बहुतेकांना हायसं वाटतं. एखादी सुंदर जागा प्रत्येकानेच पाहिलेली असते. पण सरावाला घड्याळ लावून बसलं की कळतं, हा विषय तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदालाच आटतो. ‘व्हेरी ब्युटिफुल’ म्हणून झालं, ‘व्हेरी पीसफुल’ झालं, ‘ग्रीनरी’ आणि ‘फ्रेश एअर’ही झाली. आता पुढे काय? शब्दसंग्रह कमी पडला असं समजून लोक मग विशेषणांच्या याद्या पाठ करायला घेतात. माझ्या मते अडचण तिथे नसतेच. आपण नेमके कुठे उभे राहून ते दृश्य पाहतोय, हे बोलणाऱ्याने ठरवलेलं नसतं. उभं राहायची जागा पक्की झाली की समोर काय, खाली काय, लांबवर काय हे ओळीने सुचत जातं आणि त्यासाठी लागणारं इंग्रजीही बरंचसं साधंच असतं.

ही बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. समोर एकच परीक्षक असतो आणि सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. गुण चार बाबींवर, चौघींना सारखं वजन: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. जागा किती प्रसिद्ध आहे, माहिती किती अचूक आहे, तुमचं मत परीक्षकाला पटलं का, यांना कुठेच रकाना नाही. हे डोक्यात नीट बसवून घ्यावं, कारण बरेच जण जगप्रसिद्ध ठिकाण निवडतात आणि मग त्याची उंची, बांधकामाचं वर्ष, इतिहास आठवण्यात अडकतात. आठवणं सुरू झालं की ओघ तुटतो. शिवाय अशी वाक्यं माहितीपत्रकातून उचलल्यासारखी वाटतात. रोजच्या वाटेवरचा एखादा पूल, गच्ची, टेकडीचा माथा यांच्याबद्दल बोलणं सोपं जातं आणि ते तुमचं स्वतःचं वाटतं.

पहिला भाग चार ते पाच मिनिटांचा. ओळखपत्र पाहून झालं की काम, शिक्षण किंवा घर यांबद्दल प्रश्न येतात आणि मग एक-दोन साधे विषय. त्यात ‘व्ह्यूज’ हा विषय आला तर प्रश्न साधारण असे असतात: वेगवेगळ्या दृश्यांचे फोटो काढायला आवडतात का, शहरातलं दृश्य आवडतं की खेड्यातलं, खिडकीतून छान दृश्य दिसणाऱ्या हॉटेलच्या खोलीत राहायला आवडेल का. दोन ते चार वाक्यांचं उत्तर पुरतं. आधी सरळ उत्तर, लगेच कारण, मग एखादा बारीक तपशील. एका शब्दात उत्तर देऊन थांबलात तर परीक्षकाला मोजायला काही मिळत नाही. दोन मिनिटं बोलत राहिलात तर तो मध्येच थांबवून पुढचा प्रश्न विचारतो. त्यात राग मानण्यासारखं काही नाही, त्याच्यापुढे वेळेचं बंधन असतं.

हॉटेलच्या खोलीचा प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीने फार कामाचा आहे. प्रश्नात ‘वुड’ असतं, म्हणून उत्तरातही ‘वुड’ हवं. इथे अनेकांच्या तोंडून ‘यस, आय विल लाइक’ असं निघतं. त्याऐवजी असं म्हणता येतं: ‘ओन्ली इफ आय वर स्टेइंग फॉर अ फ्यू डेज. फॉर वन नाइट, आय वुडन्ट पे एक्स्ट्रा, बिकॉज आय’ड बी आउट ऑल डे.’ तीन छोटे तुकडे आहेत, पण त्यात अट आहे, तुलना आहे, कारण आहे आणि सगळं सहज बोलण्यासारखं आहे. शहर की खेडं या प्रश्नालाही हेच लागू. ‘इट डिपेन्ड्स’ म्हणायला हरकत नाही, पण कशावर अवलंबून ते पुढच्याच श्वासात सांगावं. रात्री उंचावरून शहराचे दिवे, पहाटे मोकळं शेत, अशी वेळेनुसार वाटणी केली तर उत्तर दोन वाक्यांत पुरं होतं.

या भागात प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारायला सांगता येतं. पण पहिल्या भागात परीक्षकाच्या हातात ठरलेले प्रश्न असतात, त्यामुळे तो शब्द बदलून फोड करून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये. तिसऱ्या भागात त्याला तेवढी मोकळीक असते.

दुसरा भाग हा या विषयाचा खरा कस. हातात एक कार्ड येतं, सोबत कागद आणि पेन्सिल. कार्डावर एक विषय असतो, समजा सुंदर दृश्य दिसणाऱ्या एखाद्या ठिकाणाचं वर्णन करा. खाली चार मुद्दे: ते कुठे आहे, तिथे कधी गेलात, काय दिसतं, आणि ते का आवडतं. तयारीला एक मिनिट, मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो. कार्डावर काही लिहायचं नसतं, लिहायचं ते कागदावर. कार्ड आणि कागद दोन्ही बोलताना समोर राहतात, त्यामुळे पाहून बोलायला कुणाची ना नसते.

त्या एका मिनिटात पूर्ण वाक्यं लिहायला बसलात तर दोनच होतात आणि तीही वाचून दाखवण्याचा मोह होतो. सुटे शब्द लिहावेत, तेही दिसणाऱ्या गोष्टींचे. टेकडीवरून दिसणाऱ्या तळ्याचं उदाहरण घेऊ. कागदावर इतकंच असावं:

पायऱ्यांचा शेवट, लोखंडी कठडा, ओला.
खाली डावीकडे तळं. रस्ता दोऱ्याएवढा.
मागे डोंगर, दोन रांगा.
गेल्या हिवाळ्यात, भावासोबत, अंधारात निघालो.
धुकं, दहा मिनिटांत वर.
का: चढलेली सगळी वाट दिसते.

हे मराठीत लिहिलं तरी चालतं, कागद परीक्षेनंतर परत घेतात आणि त्यावर गुण नसतात. तरी नामं इंग्रजीत लिहिलेली बरी. ‘कठडा’ म्हणजे ‘रेलिंग’ हे बोलता बोलता शोधावं लागलं की तेवढ्यात ओघ अडतो.

या सहा ओळींत पहिली आणि शेवटची सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. पहिलीत उभं राहायची जागा आहे. ‘इफ यू स्टँड अॅट द टॉप ऑफ द स्टेप्स, विथ यॉर बॅक टू द ट्रीज’ अशी सुरुवात केली की ऐकणारा तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो, आणि पुढच्या प्रत्येक वाक्याला दिशा मिळते: ‘बिलो यू’, ‘ऑन द लेफ्ट’, ‘जस्ट बियाँड द लेक’, ‘इन द डिस्टन्स’. हे चार-पाच दिशादर्शक शब्दच तुमची सुसंगती सांभाळतात. ‘फर्स्टली, सेकंडली, मोरओव्हर’ यांची गरज उरत नाही. वर्णनात असे जोडशब्द कानाला खटकतात, आणि तेच तेच जोडशब्द वारंवार वापरणं ही खालच्या बँडची, म्हणजे खालच्या गुणपातळीची, खूण मानली जाते.

शेवटची ओळ कारणाची. ‘बिकॉज इट इज पीसफुल’ हे कारण जगातल्या कुठल्याही जागेला लागू पडतं, म्हणून त्यातून बोलणं वाढत नाही. चढून आलेली सगळी वाट एका नजरेत दिसते, हे कारण फक्त या जागेचं आहे. त्यातून आपोआप पुढचं वाक्य निघतं: खाली असताना ती वाट किती लांब वाटली होती, आणि वरून किती छोटी दिसते. तुलना आली, भूतकाळ आला, भावनाही आली, विशेषण मात्र एकही शोधावं लागलं नाही.

आरामात बोललं तर मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांना अडीचशेच्या आत-बाहेर. वेळेची वाटणी अशी बसते: जागा आणि तिथे कसं पोहोचलो याला पाव भाग, काय दिसतं याला जवळजवळ अर्धा, आणि उरलेला भाग त्या दिवशी काय घडलं आणि ते का आवडतं याला. कार्डावरचे मुद्दे आधारासाठी असतात. एखादा राहून गेला तर तेवढ्यासाठी गुण कापले जात नाहीत, कारण चार बाबींत तसं काही मोजतच नाहीत. पण मुद्दे ओळीने घेतले तर बोलणं भरकटत नाही. ठिकाणाचं नाव एकदाच स्पष्ट सांगावं आणि ते काय आहे ते लगेच जोडावं. परीक्षकाला ते नाव माहीत असेलच असं नाही, आणि चार-पाच गावांची नावं एकामागून एक ऐकून त्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

निम्म्या वेळेतच बोलायचं संपलं तर? दृश्य हलवा. सकाळचं झालं असेल तर संध्याकाळचं सांगा, पावसाळ्यातलं सांगा, लहानपणी काय दिसायचं ते सांगा. ‘इन समर द सेम लेक लुक्स कम्प्लीटली डिफरंट’ या एका वाक्यावर आणखी वीस-तीस सेकंद निघतात. ‘देअर यूज्ड टू बी’ वापरायची संधीही इथेच मिळते.

काळाची गल्लत या विषयात हमखास होते. दृश्य आजही तिथेच आहे, म्हणून त्याचं वर्णन वर्तमानकाळात: ‘द रोड रन्स अलॉन्ग द शोअर’. तिथे गेलात तो प्रसंग भूतकाळात: ‘वी लेफ्ट बिफोर सनराइज’. दोन्ही काळ आळीपाळीने यायला हवेत, पण कारणाशिवाय उड्या नकोत. संपूर्ण उत्तर भूतकाळात सांगितलं तर जागा आता नाहीशी झाली असं वाटतं, आणि संपूर्ण वर्तमानात सांगितलं तर व्याकरणाची रेंज दाखवायची राहून जाते.

मराठी बोलणाऱ्यांकडून इथे ठरावीक चुका होतात. ‘सीनरीज’ असं अनेकवचन होत नाही, ‘सीनरी’ कायम एकवचनीच. अनेक दृश्यं म्हणायची असतील तर ‘व्ह्यूज’. ‘वन ऑफ द बेस्ट व्ह्यू’मध्ये शेवटी ‘व्ह्यूज’ हवं. ‘आय कॅन एबल टू सी’ ही दोन रचनांची खिचडी आहे, नुसतं ‘आय कॅन सी’ किंवा ‘यू कॅन सी’ म्हणावं. ‘द प्लेस इज हॅविंग अ लेक’ नको, ‘द प्लेस हॅज अ लेक’ किंवा त्याहून सहज ‘देअर’ज अ लेक’. ‘रीच’नंतर ‘टू’ येत नाही: ‘वी रीच्ड द टॉप’. ‘ओव्हरलुक’लाही शब्दयोगी अव्यय लागत नाही: ‘अ बाल्कनी ओव्हरलुकिंग द बे’.

व्याकरणाची पातळी वाढवायची सगळ्यांत स्वस्त रीत म्हणजे दोन छोटी वाक्यं एकात गुंफणं. ‘देअर इज अ लेक. अ रोड गोज अराउंड इट.’ हे बरोबर आहे, पण सगळं उत्तर असंच चाललं तर साधं राहतं. तेच ‘देअर’ज अ लेक विथ अ नॅरो रोड रनिंग अराउंड इट’ असं म्हटलं की काम झालं. ‘राइझिंग बिहाइंड’, ‘स्ट्रेचिंग अॅज फार अॅज यू कॅन सी’, ‘कव्हर्ड इन मिस्ट’ ही सगळी याच जातीची. अशी तीन-चार वाक्यं दोन मिनिटांत पुरेत. प्रत्येक वाक्य लांबवलं की चुका वाढतात, आणि वरच्या बँडला निर्दोष वाक्यं वारंवार यावी लागतात.

शब्दांच्या बाबतीत ‘ब्रेथटेकिंग’, ‘पिक्चरेस्क’, ‘मेस्मरायझिंग’ यांच्यामागे फार लागू नये. वाईट शब्द नाहीत ते, पण तीन ओळींत तिन्ही आले की पाठांतर उघडं पडतं. त्यापेक्षा जोडीने येणारे शब्द नीट माहीत असणं जास्त मोलाचं: ‘क्लिअर स्काय’, ‘थिक फॉग’, ‘स्टीप पाथ’, ‘जेंटल स्लोप’, ‘द मिस्ट लिफ्ट्स’, ‘अॅट द फूट ऑफ द हिल’. आणि शब्द आठवला नाही तर थांबून राहू नका, फोड करून सांगा. ‘रिज’ आठवत नाही? ‘द लाँग नॅरो टॉप ऑफ द हिल’ म्हणा. असा वळसा घालून सांगता येणं याची शब्दसंपदेच्या निकषात दखल घेतली जाते.

उच्चारात परदेशी धाटणी आणायची गरज नाही, समजणं महत्त्वाचं. पण या विषयात काही शब्द नेमके घसरतात. मराठीतला ‘व’ हा इंग्रजीतल्या दोन ध्वनींच्या मधला आहे. ‘व्ह्यू’ आणि ‘व्हॅली’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वॉटर’ आणि ‘वेव्हज’च्या सुरुवातीला दात टेकत नाहीत, ओठ गोल होतात. ‘अ व्ह्यू ऑफ द वॉटर’ हे आरशासमोर सावकाश म्हणून पाहावं, फरक लगेच दिसतो. ‘हिल’ ऱ्हस्वच ठेवा, दीर्घ झालं की टाच होते. ‘कोस्ट’चं ‘कॉस्ट’ झालं की किनाऱ्याची किंमत होते. ‘क्लाइम्ड’मध्ये ‘ब’ ऐकू येत नाही, ‘आयलंड’मध्ये ‘स’ नाही, आणि ‘वॉक्ट’ हा एकाच अवयवाचा (सिलेबलचा) शब्द आहे, ‘वॉकेड’ नव्हे. ‘होरायझन’मध्ये जोर ‘रा’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर सुरुवातीला, पण ‘फोटोग्राफी’मध्ये तो दुसऱ्या अवयवावर सरकतो. दृश्यांच्या विषयात फोटो निघणारच, म्हणून ही जोडी घोटून ठेवावी.

पाठ करून आलेलं उत्तर कसं ओळखू येतं, हेही सांगायला हवं. पहिल्या भागात अडखळत बोलणारा माणूस दुसऱ्या भागात अचानक एकसुरी, वेगवान आणि अलंकारिक बोलू लागतो. मग शेवटी परीक्षक एक-दोन छोटे प्रश्न विचारतो, जसं की तिथे पुन्हा जाल का, आणि बोलणं पुन्हा मूळ पातळीवर येतं. ही दरी ऐकणाऱ्याला लपत नाही. पाठ केलेल्या भागातून तुमची भाषा मोजता येत नाही, त्यामुळे ती मेहनत फुकट जाते. ठिकाण, दिशा आणि पाच-सात शब्द आधी तयार ठेवा, वाक्यं मात्र तिथेच बनू द्या.

तिसरा भाग पुन्हा चार ते पाच मिनिटांचा, पण इथे तुमची टेकडी मागे राहते. प्रश्न सर्वांबद्दलचे होतात: लोक पाहण्याऐवजी फोटो का काढत बसतात, सुंदर ठिकाणी इमारती बांधायला परवानगी असावी का, गर्दीने जागेचं नुकसान होतं का, निसर्ग पाहून मन खरंच शांत होतं का. इथे ‘आय’ने सुरू होणारी उत्तरं कमी करून ‘पीपल’, ‘व्हिजिटर्स’, ‘लोकल रेसिडेंट्स’ यांच्याकडे वळावं. ‘टेंड टू’, ‘इज लाइकली टू’, ‘माइट’ अशा मोजून बोलणाऱ्या रचना इथे शोभतात. उत्तराचा सांगाडा सोपा: मत, कारण, एक खरं उदाहरण, आणि जमलं तर उलट बाजूचं एक वाक्य.

उदाहरणं दोन-तीनच माहीत असली तरी पुष्कळ प्रश्नांना पुरतात. गर्दीच्या प्रश्नाला जपानमधल्या फुजीकावागुचीको गावाचं उदाहरण चपखल बसतं. तिथे एका दुकानाच्या मागे फुजी पर्वत दिसतो, तो फोटो काढायला लोक रस्ता कसाही ओलांडू लागले, कचरा टाकू लागले. शेवटी मे २०२४ मध्ये गावाने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावून ते दृश्यच झाकलं. इमारतींच्या प्रश्नाला लंडन घ्यावं: सेंट पॉल कॅथेड्रल ठरावीक ठिकाणांहून दिसत राहावं म्हणून १९३० च्या दशकापासून आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत. मन शांत होतं का, या प्रश्नाला संशोधक रॉजर उल्रिख यांचा १९८४ सालचा अभ्यास आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हे सगळं इंग्रजीत दोनच वाक्यांत सांगायचा सराव करावा. वर्षं आणि आकडे विसरले तर सोडून द्यावेत, ‘अ फ्यू इयर्स अगो’ने भागतं.

या भागात प्रश्न अवघड वाटला तर दोन-तीन सेकंद विचार करायला हरकत नाही. ‘आय हॅवन्ट रिअली थॉट अबाउट धिस, बट’ म्हणून सुरुवात करता येते, मात्र प्रत्येक प्रश्नाला तेच वाक्य नको. प्रश्न समजलाच नसेल तर ‘डू यू मीन’ म्हणून खात्री करून घ्यावी, इथे परीक्षक प्रश्न उलगडून सांगू शकतो. आणि तो तुमचं उत्तर मध्येच तोडून पुढे गेला तर आधीचं वाक्य पुरं करायला परत जाऊ नका. नव्या प्रश्नावर लगेच या, कारण उरलेल्या वेळात परीक्षकाला त्याच प्रश्नांवर तुमचं बोलणं ऐकायचं असतं.